पलीकडून क्लेटन

सेटवर मला सगळे मास्तर म्हणतात, आणि ते काही प्रेमाने म्हणत नाहीत. नटाने मागच्या शॉटमध्ये कप डाव्या हातात धरला होता आणि आता उजव्या हातात धरलाय, हे चारचौघांत सांगणं माझं काम. जखम कपाळाच्या कुठल्या बाजूला होती, डॉक्टरीणबाईंच्या गळ्यातली साखळी कुठे गेली, तिसऱ्या वर्षी मेलेला मामा सातव्या वर्षी लग्नात नाचतोय कसा, हे सगळं माझ्या डोक्यात असतं. बोलायला तोंड उघडलं की समोरच्याची चूकच बाहेर पडते. असा माणूस जेवणाच्या टेबलावर कोणाला शेजारी हवा असतो?

आमची मालिका 'पाचवा मजला'. हॉस्पिटल क्लीव्हलंडमधलं, पण ते उभं आहे इथे कॅलिफोर्नियात, बरबँकला. भर जुलैत खिडकीबाहेर कागदाचा बर्फ पडतो आणि नट लोकरीचे कोट घालून घामाघूम होतात. आमच्याच आवारात, मधली गल्ली ओलांडली की 'गाडी अकरा'चा सेट लागतो. तीही क्लीव्हलंडचीच गोष्ट, फक्त अँब्युलन्सवाल्यांची. चॅनल एक, निर्माते एक, शहर एक, म्हणून वर्षातून एकदा दोन्हींचा महासंगम होतो. त्यांची गाडी आमच्या दारात पेशंट आणून टाकते, आमचे डॉक्टर त्यांच्या स्टेशनात जाऊन प्रेमात पडतात, प्रेक्षक खूश, जाहिरातवाले खूश. माझं मात्र डोकं उठतं.

कारण दोन घरचे लेखक वेगळे. आपलं माणूस गल्ली ओलांडून गेलं की तिकडे त्याचं काय करतील, सांगता येत नाही. एका महासंगमात त्यांनी आमच्या सर्जनला एकुलता एक करून टाकलं. इकडे त्याच्या दोन भावांच्या भांडणावर आम्ही अख्खं वर्ष काढलं होतं! पुढच्या वर्षी त्यांनी आमच्या नर्स ऑगस्टाला शेंगदाण्याचं बिस्किट खायला घातलं. ऑगस्टाला शेंगदाणा चालत नाही. आमच्याकडे एकदा ती त्यापायी मरता मरता वाचलीय. मी गल्ली ओलांडून जाब विचारायला गेलो, तर तिथल्या एकाने खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "मास्तर, एक बिस्किट आहे हो. सोडा ना." मी सोडलं नाही. आजही सोडलेलं नाही.

ऑगस्टाचं काम वर्ना टॅलबर्ट करते. पाचव्या मजल्यावरची मुख्य नर्स, काउंटरमागे उभी, चष्मा नाकावर. मालिका सुरू झाल्यापासून बाराच्या बारा वर्षं ती आहे. तिच्या वाट्याला मोठे प्रसंग येत नाहीत. ती फाईल देते, डॉक्टरांना टोमणा मारते, आणि अधूनमधून घरी फोन करते. नवऱ्याला. क्लेटन त्याचं नाव. क्लेटन कधी पडद्यावर आला नाही, त्याचा आवाजही कोणी ऐकला नाही. संहितेत फक्त ऑगस्टाचे संवाद असतात, आणि मधे कंसात लिहिलेलं असतं, 'ऐकते'.

पहिल्या वर्षीचा पहिला फोन मला लख्ख आठवतो. वर्नाने रिसीव्हर कानाला लावला, एक वाक्य बोलली आणि थांबली. मग रिसीव्हर खाली करून म्हणाली, "अरे, कोणीतरी काहीतरी बोला रे पलीकडून. मी काय भिंतीशी बोलू?" फोनच्या सीनला कोणीतरी कॅमेऱ्याबाहेरून पलीकडचं वाचायचं असतं, आणि बहुतेक वेळा ते माझ्यासारख्याच्या गळ्यात पडतं. पण वाचायला काही लिहिलेलंच नव्हतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला काही सुचेना, तेव्हा मी म्हणालो, "ब्रेड संपलाय."

वर्नाची डावी भुवई वर गेली. "परत?" ती रिसीव्हरमध्ये म्हणाली, आणि अख्खा सेट हसला. तो टेक तसाच गेला. माझा आवाज अर्थात कापला गेला. तेव्हापासून क्लेटन मी.

प्रत्येक फोनला मी काहीतरी नवीन बोलायचो. लेखकांना त्याचं काही नव्हतं. वर्नाचे ठरलेले शब्द बदलले नाहीत म्हणजे झालं. आणि मी तरी नवीन कुठून आणणार? घरून आणायचो. माझं घर व्हॅन नाइजला, दोन खोल्या, मागे लिंबाचं झाड. बायको फार वर्षांपूर्वी बहिणीकडे सिअ‍ॅटलला गेली आणि तिथे तिला बरं वाटलं. मग कधीतरी क्लेटनच्याही मागच्या दारी लिंबाचं झाड आलं. क्लेटनचा उजवा गुडघा दुखायला लागला. क्लेटनला लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडेना आणि त्याने ते रागाने फ्रिजमध्ये परत ठेवून दिलं. शेजारच्यांचा कुत्रा भुंकतो, पोस्टमन बदलला, नळ गळतोय. वर्ना ऐकायची. कधी हसू दाबायची, कधी तिचा चेहरा मऊ व्हायचा, आणि मग ठरलेलं वाक्य बोलायची: "बरं, येताना आणते." हे नाटक आहे हे मला कळत नव्हतं असं नाही. पण नळ गळतोय हे सांगायला मला दुसरं कोणी नव्हतं. बाजारात, रस्त्यावर काही दिसलं की मनात यायचं, हे क्लेटनच्या फोनला सांगू. फोन महिना दोन महिन्यांनी एकदा यायचा. मधल्या दिवसांत मी साठवत राहायचो.

गंमत म्हणजे फोनशिवाय आमचं बोलणं असं कधी झालंच नाही. "मॉर्निंग, लाईल." "मॉर्निंग, वर्ना. तुझं घड्याळ उलट्या हाताला आहे." एवढंच.

मग या वर्षीच्या महासंगमाची संहिता आली. 'गाडी अकरा'च्या एका तरुण अँब्युलन्सवाल्याची बायको अपघातात जाते. तो सुन्न होऊन आमच्या पाचव्या मजल्यावर येऊन बसतो, आणि नर्स ऑगस्टा त्याच्याशेजारी बसून म्हणते: "माझा नवरा जाऊन सहा वर्षं झाली. अजून मी दोन ताटं मांडते."

मी ते वाक्य पुन्हा वाचलं. शेंगदाण्याचं बिस्किट परवडलं! मी पानं बगलेत मारली आणि गल्ली ओलांडली.

प्रसंग लिहिला होता मरिसॉल ओकेंडोने. तिशीतली पोरगी, तिकडच्या लेखकांत सगळ्यांत हुशार, आणि चांगल्या घरची म्हणतात तशी. वयाने मोठ्यांना अजूनही अहोजाहो करणारी.

"क्लेटन जिवंत आहे," मी दारातूनच म्हणालो.

"बसा ना, लाईल. कोण क्लेटन?"

"ऑगस्टाचा नवरा. मागच्याच महिन्यात तिने त्याला फोन केलाय. सहा वर्षांपूर्वी मेलेला माणूस फोन उचलतो का?"

तिने कपाळावर हात मारला. "अगं आई गं. मला कोणी सांगितलंच नाही."

"मला विचारायचं. मला काय शोभेला ठेवलंय?"

"चुकलं. खरंच चुकलं." तिने पेन उचललं. "काढून टाकते ती ओळ. दुसरं काहीतरी बघते."

मी जिंकलो होतो. शहाण्या माणसाने तिथेच उठावं, थँक्यू म्हणावं आणि चालू पडावं. पण आपण बरोबर ठरलो की मला खुर्ची सोडवत नाही. समोरचा मान हलवतो, ते अजून थोडा वेळ बघावंसं वाटतं. मी बसून राहिलो आणि क्लेटनबद्दल सांगत सुटलो.

"कसा दिसतो हो तो?" मरिसॉलने सहज विचारलं.

"दाखवला नाही कधी."

"आवाज तरी?"

"प्रेक्षकांनी ऐकलेला नाही."

तिचं पेन थांबलं. "बारा वर्षांत एकदाही नाही?"

"नाही." इथे मी खोटं बोलू शकलो असतो. पाचव्या वर्षी एकदा जिन्यात दिसला होता, असं काहीही ठोकून देता आलं असतं. कोण तपासणार होतं? मीच तर तपासणारा. पण ते मला जमत नाही.

"म्हणजे पाचव्या मजल्यावरच्या एकाही माणसाने क्लेटनला बघितलेलं नाही, ऐकलेलं नाही," ती हळूहळू म्हणाली.

तिच्या डोक्यात काय चाललंय ते मला उमगलं. "तिच्या वाढदिवसाला त्याने फुलं पाठवली होती," मी घाईघाईने म्हणालो. "सगळ्या मजल्याने बघितली."

"फुलवाल्याला फोन करून कोणीही स्वतःला फुलं पाठवू शकतं."

"त्याने केक केला होता. ती डब्यातून घेऊन आली होती."

"ती घेऊन आली होती," मरिसॉल म्हणाली.

"ख्रिसमसच्या पार्टीला यायचं होतं त्याला. गुडघा दुखत होता म्हणून राहिला."

"प्रत्येक ख्रिसमसला?"

मी मांडीवरची पानं सरळ करायला लागलो.

"लाईल, प्रत्येक ख्रिसमसला?"

"हो."

तिचे डोळे भरून आले. खरोखरचे. "बिचारी बाई," ती म्हणाली. "इतकी वर्षं ती कोणाशीच बोलत नव्हती. रिकाम्या घरी फोन वाजत होता, कोणी उचलत नव्हतं, आणि ती सगळ्यांसमोर उभी राहून बोलत होती. लाईल, सांगा मला, कुठे काही मोडतंय का? कुठे काही जुळत नाही का?"

मी बसल्या जागी बारा वर्षं धुंडाळली. प्रत्येक फोन, प्रत्येक 'येताना आणते'. एखादी फट सापडावी म्हणून माझ्या कामात मी कधी इतका जीव ओतला नव्हता. पण सगळं जुळत होतं. दोन्ही मालिका एकत्र धरल्या तरी जुळत होतं. आमच्या लेखकांनी मुद्दाम बारा वर्षं आधी ठरवून लिहिलं असतं तरी इतकं नीट जुळलं नसतं.

"सुरुवातीची वर्षं तो जिवंत होता," मी शेवटी म्हणालो. एवढं तरी वाचवावं म्हणून.

"ते चालेल," मरिसॉलने उदारपणे मान्य केलं. "सहा वर्षांपूर्वी गेला. त्याच्यानंतरचे फोन सगळे रिकामे." आणि उठून तिने मला मिठी मारली. "तुम्ही आला नसता तर हे सुचलंच नसतं!"

गल्ली परत ओलांडताना उन्हाने डोळे दिपत होते. मी माझ्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता, तोही आपणहून चालत जाऊन. लेखिका ओळ खोडायला निघाली होती आणि मी तिला पुरावे पुरवत बसलो होतो.

माझी एकच आशा उरली होती: वर्ना नाही म्हणेल. बारा वर्षांचा नवरा आहे. ती म्हणेल, क्लेटनला मारू नका.

नवी पानं वाटली त्याच्या दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती ताट घेऊन सरळ माझ्या टेबलावर आली. याआधी कधीच आली नव्हती. आजूबाजूचे दिवेवाले एकमेकांना कोपरं मारायला लागले.

"वाचलंस?" तिने विचारलं. तिचा चेहरा असा उजळला होता की मी मान खाली घातली. "लाईल, माझ्या वयाच्या बाईला असा सीन परत मिळणार नाही. काल बहिणीला वाचून दाखवला, ती स्वयंपाक टाकून रडत बसली. मरिसॉल म्हणाली, कल्पना तुझ्यामुळे आली."

"मी फक्त चूक दाखवायला गेलो होतो."

"तू आणि दुसरं काय करणार!" ती हसली. बहीण तिच्याकडेच राहते, मुलगी टूसॉनला, दोन नातवंडं, दर रविवारी पत्त्यांचा डाव. हे सगळं मला त्या जेवणात कळलं. तिचं घर भरलेलं होतं. क्लेटन तिच्यासाठी कामाचा भाग होता, आणि का नसावा? मला उगाच वाटत होतं की बरणीचं झाकण दोघांचं होतं.

मग बोलणं संपलं. तिने पाव मोडला, मी पाणी प्यायलो. फोन कानाला नसला की आम्हाला एकमेकांशी काय बोलायचं तेच माहीत नव्हतं. मी तिच्या बाहीवरचा डाग बघत होतो आणि तो मागच्या शॉटमध्ये होता का ते आठवत होतो.

"मला एक सांग," तिने शेवटी विचारलं. "संहितेत सहा वर्षं लिहिलंय. पण नेमका कधी गेला तो? कुठल्या फोननंतर? मला माहीत पाहिजे. कोणते फोन त्याच्याशी होते आणि कोणते नव्हते, ते मनात धरल्याशिवाय मला बोलता येणार नाही. तुझ्याशिवाय हे कोणाला विचारू?"

तो मेलाच नाही, असं म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण तिने कामाचा प्रश्न विचारला होता आणि उत्तर मला खरंच माहीत होतं.

"मला फ्लू झाला होता तो हिवाळा आठवतो?" मी म्हणालो. "मी आठवडाभर नव्हतो. तेव्हा एक फोन होता."

तिचा काटा हवेतच थांबला. "आठवतो. बदलीवर आलेल्याने काही वाचलंच नाही. म्हणाला, माझ्या कामात बसत नाही. मी नुसती रिसीव्हर धरून बोलले. इतकं वाईट काम मी कधी केलं नाही. तू परत आलास तेव्हा मी तुला म्हटलंसुद्धा..."

"'कुठे मेला होतास?' असं म्हणालीस."

"तेव्हा?" तिने विचारलं.

"तेव्हा."

ती बराच वेळ ताटातल्या सॅलडशी खेळत राहिली. "म्हणजे त्याच्यानंतर सगळा वेळ मेलेल्या माणसाशी बोलत होते मी."

"हो."

"मला तर काही फरक जाणवला नाही," वर्ना म्हणाली. "उलट लिंबाचं झाड त्याच्यानंतरचं. ते मला फार आवडायचं." तिने ताट उचललं, माझ्या खांद्यावर दोन थापा मारल्या आणि गेली. मी ते वाक्य घरी घेऊन गेलो आणि पुष्कळ दिवस पुरवून पुरवून वापरलं.

शूटिंग आमच्या सेटवर होतं, दिग्दर्शक मात्र तिकडचा, गॉर्डी. धिप्पाड, मोठ्या आवाजाचा, सगळ्यांना राजा म्हणणारा. प्रसंग असा: ऑगस्टा त्या तरुणाला दोन ताटांचं सांगते, मग उठून काउंटरमागे जाते, घरी फोन लावते, आणि तो मुलगा आणि आपण पहिल्यांदाच जाणतो की पलीकडे कोणी नाही.

मी सवयीने खुर्ची काउंटरजवळ ओढली. तिथून बोललं की वर्नाला नीट ऐकू जातं.

"मास्तर, आज वाचायचं नाही राजा," गॉर्डी म्हणाला. "पलीकडे कोणी नाहीये ना. तिला शांतताच ऐकू दे. आणि जरा मागे सरक, तुझी सावली पडतेय."

मी मागे सरकलो. वर्नाने माझ्याकडे बघितलं नाही. ते बरोबरच होतं. ऑगस्टा झालेली असताना ती कोणाकडे बघत नाही.

ती बोलायला लागली तसा सेटवर कोणी हलेना. मग तिने रिसीव्हर उचलला. "हॅलो, मीच," ती म्हणाली. "आज उशीर होईल." आणि थांबली.

ती थांबली ती कशीही थांबली नाही. तिथे माझं एक वाक्य बसेल एवढी जागा तिने सोडली होती. मला माझा श्वास भरून आल्याचं जाणवलं, जीभ टाळूला लागली. त्या जागेत काय बसतं ते माझ्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं. तिची डावी भुवई किंचित वर गेली, अगदी तश्शी. "परत?" ती म्हणाली. हा शब्द मरिसॉलने जुने भाग बघून उचलला होता. आणखी एक जागा आली. मी ओठ दातांखाली दाबून बसलो होतो. "बरं," ती म्हणाली. "येताना आणते." आणि रिसीव्हर असा ठेवला, जणू पलीकडे कोणी झोपलेलं आहे.

गॉर्डीने कट म्हणायला वेळ लावला. एक दिवेवाला बाहीने नाक पुसत होता. मी बारा वर्षं वर्नाचे सगळे टेक पाहिलेत, आणि प्रामाणिकपणे सांगतो, हा सगळ्यांत चांगला होता. मी काही न बोलता झालेला.

"मास्तर?" गॉर्डीने विचारलं. "शब्द बरोबर? सगळं जुळलं?"

"जुळलं," मी म्हणालो.

तो भाग गाजला. लोकांनी जुने फोन काढून पुन्हा बघितले, चिठ्ठ्या आल्या, वर्नाला एक पुरस्कारही मिळाला आणि तिने बहिणीला स्टेजवर नेलं. दोन्ही मालिका किती छान जुळल्या म्हणून मोठ्या साहेबांनी माझी पाठ थोपटली. आयुष्यात पहिल्यांदा कोणी मास्तर म्हणताना टोमणा मारत नव्हतं. आणि आता ऑगस्टाचं गुपित सगळ्यांना कळल्यावर तिने फोन करण्यात काय अर्थ? लेखकांनी फोन बंद केले. काउंटरवरचा फोन नुसता वस्तू म्हणून राहिला. तो कुठे ठेवलाय तेवढं मी बघायचो.

माझी साठवायची सवय मात्र जाईना. शेजारच्यांचा कुत्रा गेला. सकाळी भुंकण्याऐवजी शांतता आली तेव्हा मी लगेच मनात नोंदलं, हे सांगू. दुपारी आठवलं की कोणाला? वर्ना कॉफीच्या टेबलापाशी भेटायची. "मॉर्निंग, लाईल." मी म्हणू शकलो असतो, वर्ना, शेजारचा कुत्रा मेला. साधं वाक्य आहे. पण तो कुत्रा तिला लाईलचा म्हणून माहीतच नव्हता. तो क्लेटनचा होता. "मॉर्निंग," मी म्हणायचो. "तुझ्या कॉलरचं बटण." ती बटण लावायची. मला फार एकटं वाटायचं, आणि त्यात चूक कोणाची दाखवावी ते सापडत नव्हतं.

मार्चमध्ये गॉर्डी आमच्याकडे एक भाग करायला आला होता. दोन शॉटच्या मधली वेळ. दिवे हलवत होते, कोणी वायरी ओढत होतं, कोणी सँडविच खात होतं. वर्ना नर्सच्या कपड्यांत काउंटरमागे एकटीच उभी होती. मी माझ्या खुर्चीत, नेहमीच्या जागी. तिने इकडेतिकडे बघितलं नाही. हात लांब करून रिसीव्हर उचलला आणि कानाला लावला. मला वाटलं, बाई हालचाल बसवून बघतेय. पण त्या सीनमध्ये फोन नव्हता. ते मला पक्कं माहीत होतं.

"हॅलो, मीच," ती हळू आवाजात म्हणाली. "आज उशीर होईल."

आणि थांबली.

पलीकडे कोणी नाही, हे आता सगळ्या देशाला माहीत झालं होतं. ते तसंच राहतंय ना, हे बघण्याचा मला पगार मिळतो.

"लिंबं उतरवली," मी म्हणालो. "मोठी पिशवी भरली. कोणाला द्यायची कळत नाही."

तिची भुवई वर गेली. "शिडीवर चढलास? त्या गुडघ्याने?"

"मग काय करू? खाली पडून सडत होती. आणि शेजारचा कुत्रा गेला."

"अरेरे," वर्ना म्हणाली. तिने रिसीव्हर दुसऱ्या हाताने सावरला. "कधी?"

"महिना झाला."

"महिना झाला आणि आत्ता सांगतोस?"

"फोनच नव्हता ना तुझा."

तिने डोळे मिटले होते आणि रिसीव्हर कानाशी घट्ट धरला होता. मला आणखी किती सांगायचं होतं, नळाचं, पोस्टमनचं. बरणी शेवटी मी टाकून दिली तेही.

"वर्ना!" पलीकडून गॉर्डीचा आवाज आला. "कोणाशी बोलतेयस राजा?"

तिने डोळे उघडले. क्षणभर माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"कोणाशीच नाही," ती म्हणाली आणि रिसीव्हर ठेवला.

"चला, घेऊ या," गॉर्डी म्हणाला. "मास्तर, मागच्या शॉटला फोन कसा होता?"

"असाच," मी म्हणालो. "खाली ठेवलेला. वायर डावीकडे."

वर्नाने वायर डावीकडे केली, आणि आम्ही पुढचा शॉट घेतला.